कार्बोरेटरला शेवटी हात लावा: पद्मिनी-अ‍ॅम्बेसिडरचं टायमिंग आन् मिक्चर

गाडी मिसिंग मारायली, पिकअप गेला, सायलेन्सरमधून फटाके वाजायलेत म्हटलं की आपल्याकडं पहिला स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरवरच जातो. तसं करू नका राव. बऱ्याच वेळा दुखणं डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगीचा करंट वाटणाऱ्या भागात) असतं, आन् टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हललेलं असताना मिक्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) कितीबी फिरवलं तरी बसत नाही, उलट आधीची बरी सेटिंगबी हातची जाते. म्हणून आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप), मग प्लग, पॉईंट, टायमिंग, आन् मिक्चर सगळ्यात शेवटी.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून उजेडात बघा, बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथूनच पळतोय, कॅप बदला. पॉईंटवर (कॅपखाली उघडझाप करून करंट तोडणाऱ्या पत्त्यांवर) एका बाजूला खड्डा आन् दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं असंल तर पॉईंटवरची ठिणगी आवरणाऱ्या कंडेन्सरवर संशय घ्या. इंजिन हातानं फिरवून पॉईंट पूर्ण उघडले की फिलर गेज घाला. अ‍ॅम्बेसिडरच्या जुन्या लुकास डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिमी, पद्मिनीला तिच्या मॅन्युअलमधला आकडा. गॅप आधी काहून, तर गॅप वाढला की पॉईंट लवकर उघडतात आन् टायमिंग आपोआप पुढं सरकतं. टायमिंग लावून मग गॅप हलवला तर केलेलं सगळं पाण्यात.

आता टायमिंग. चारी प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून कुणाला तरी इंजिन फिरवायला लावा, हवा अंगठा ढकलायला लागली की कॉम्प्रेशन स्ट्रोक आला. तसंच सरळ दिशेनं पुढं नेत पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या डिग्रीवर थांबवा. खूण पुढं निघून गेली तर नुसतं तेवढंच मागं घेऊ नका, चांगलं मागं नेऊन परत पुढं आणा, नाहीतर टायमिंग चेनचा ढिलेपणा डिग्रीत येतो. रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) एक नंबरच्या वायरीकडं बघतोय ना, तेबी बघा. दोन्ही गाड्यांची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2.

टेस्ट लॅम्पची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला, इग्निशन ऑन. क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेनं फिरवा, लॅम्प विझतो. मग उलट्या दिशेनं अगदी हळूहळू आणा, ज्या क्षणी लॅम्प पेटला तिथंच पॉईंट उघडले, तिथंच क्लॅम्प आवळा. आवळताना डिस्ट्रिब्युटर थोडा सरकतोच, म्हणून परत एकदा तपासा. लगेच इग्निशन बंद, नाहीतर कॉईल तापत बसते. स्ट्रोब लाईट असंल तर अजून चांगलं, फक्त व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा.

खरी परीक्षा रस्त्यावर. टॉप गिअरमध्ये 40 च्या आसपास असताना एक्सिलेटर दाबा, जरा टकटक होऊन लगेच थांबली तर ठीक, पण कन्नडच्या घाटात टकटक चालूच राहिली तर टायमिंग थोडं मागं घ्या. टायमिंग लई मागं गेलं की गाडी सुस्त होते आन् इंजिनबी तापतं.

आता मिक्चर. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा (म्हणजे बंद केलेला, लावलेला नाही), एअर फिल्टर जागेवर. फिल्टर काढून सेट करणारे लई आहेत, पण तो परत बसवला की मिक्चर बदलतंच, त्यात आपल्या काळ्या मातीच्या धुळीनं अर्धा भरलेला असंल तर बघायलाच नको. सोलेक्स कार्बोरेटरचा मिक्चर स्क्रू हलक्या हातानं टेकवा (जोर लावला तर सुईचं टोक मोडतं) आन् दीड आटा बाहेर काढा. गाडी चालू करून स्क्रू आत घ्या, इंजिन अडखळायला लागलं की बाहेर आणा, जिथं आयडलिंग सगळ्यात जास्त आन् गुळगुळीत वाटतं तिथं थांबा, मग थ्रॉटल स्क्रूनं स्पीड उतरवा आन् परत एक फेरी. स्क्रू फिरवूनबी काहीच फरक पडंना तर कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटभोवती पाण्याचा फवारा मारा, आवाज बदलला तर तिथून हवा ओढायलीय.

एसयू कार्बोरेटर असंल तर त्याच्या आतला पिस्टन बाजूच्या पिनेनं मिलिमीटरभराहून कमी उचला. स्पीड वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, लगेच पडला तर कमी, क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचा) नट वर नेला की पेट्रोल कमी, खाली आणला की जास्त.

पंधरा-वीस किलोमीटर चालवून प्लग काढा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग झकास, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. शिसं नसलेल्या पेट्रोलवर रंग जरा फिकाच येतो, तेवढ्यानं घाबरू नका.

आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय. नुसत्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुन्या जेटवर मिक्चर कोरडं पडतं (पेट्रोल कमी). मिक्चर स्क्रू फक्त आयडलिंगचं बघतो, चालत्या गाडीचा कोरडेपणा त्यानं जात नाही, त्याला मेन जेट एक नंबर मोठा लागतो. आन् जुने रबरी पाईप त्यात फुगतात, ते आधी बदला, गळती लागली तर आगीचा धोका.

मे महिन्याच्या दुपारी परभणीकडं 43 डिग्रीत गाडी अचानक बंद पडली तर सेटिंगला हात लावू नका. पेट्रोल इंजिनवरच्या फ्युएल पंपातच वाफाळतंय, त्या पंपावर ओलं फडकं टाका आन् सावलीत थांबा.