प्लेटिंगच्या धुवणातले सोने रेझिनच्या साहाय्याने कसे परत मिळवावे

सराफ कट्ट्याच्या गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या धुवणातले, म्हणजे मुलामा दिलेल्या वस्तू धुतलेल्या पाण्यातले, सोने त्यांच्याही हाती लागत नाही, कारण ते कण म्हणून नव्हे, तर सायनाइडशी बांधलेला ऋणभारित आयन म्हणून पाण्यात विरघळलेले असते. ते पकडण्यासाठी अधिशोषक, म्हणजे आपल्या पृष्ठभागावर असे आयन धरून ठेवणारा पदार्थ लागतो.

कोणता अधिशोषक घ्यावा यापेक्षा कोणते पाणी त्यावर सोडावे, हा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. सोन्याच्या बाथनंतर, म्हणजे मुलामा चढवणाऱ्या द्रावणाच्या टाकीनंतर, लगेच एक साठवण-धुवणाची (वस्तू धुण्याच्या न वाहत्या पाण्याची) टाकी ठेवावी आणि तिच्यात घट्ट होत जाणारे पाणी, ते स्वच्छ असल्यास, बाष्पीभवनाने घटलेली बाथची पातळी भरून काढण्यासाठी वापरावे. त्यानंतरच्या वाहत्या धुवणाला मात्र स्वतंत्र नळ हवा. ते निकेल आणि तांब्याच्या धुवणात मिसळले, तर सोने विरळ होतेच, शिवाय तांब्याचे सायनाइड आयन अधिशोषकावरची जागा अडवतात. सायनाइड नष्ट करण्यासाठी वापरले जाणारे हायपोक्लोराइट रेझिनला (आयन धरणाऱ्या कृत्रिम अधिशोषकाला) खाते, म्हणून सोन्याचा स्तंभ, म्हणजे अधिशोषक भरलेला उभा नळा, त्या प्रक्रियेच्या अगोदरच बसवावा.

अधिशोषक म्हणून प्रबळ आम्लारी प्रकारचे ऋणायन-विनिमय (ऋणभारित आयनांची अदलाबदल करून ते धरणारे) रेझिन किंवा नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रियित कोळसा वापरता येतो. लहान कारखान्यासाठी माझा कल रेझिनकडे आहे. कोळसा स्वस्त असला, तरी बाथमधली सेंद्रिय चकाकीद्रव्येही तो शोषतो, आणि पाणी गरम असल्यास त्याची सोने धरण्याची क्षमता घटते. पाणी आधी साधारण ५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावे. गाळणीसाठी कोळशाची नळी वापरली, तर तीही सोने धरते. ती कचऱ्यात टाकू नये.

रेझिनचे दोन स्तंभ एकामागून एक जोडावेत. ताशी रेझिनच्या आकारमानाच्या सुमारे दहापट पाणी सोडावे, म्हणजे १० लिटर रेझिनमधून ताशी १०० लिटर. पहिल्या स्तंभातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना नियमितपणे प्रयोगशाळेत अणुशोषण पद्धतीने तपासून घ्यावा. त्यातले सोने आत येणाऱ्या पाण्यातल्या सोन्याच्या जवळ पोहोचले, की तो स्तंभ काढावा, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणावे आणि त्याच्या मागे ताजा स्तंभ जोडावा. एका लिटर रेझिनची क्षमता १.३ सममूल्य (म्हणजे एकभारी आयनांचे १.३ मोल) धरली, तर कागदावर त्यावर सुमारे २५६ ग्रॅम सोने बसते. इतर आयनही जागा घेत असल्यामुळे प्रत्यक्षात ते बरेच कमी भरते, म्हणून स्तंभ बदलण्याची वेळ हिशेबावरून नव्हे, नमुन्यावरूनच ठरवावी.

एक नियम कधीही मोडू नये. या पाण्यात, रेझिनवर किंवा कोळशावर आम्ल ओतू नये, कारण सायनाइडचा सामू खाली गेला, की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. आम्लाची आणि सायनाइडची धुवणे म्हणूनच एका टाकीत येऊ देऊ नयेत. स्तंभातून निघालेल्या पाण्यातही सायनाइड उरलेले असते. त्याचा सामू १० च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने प्रक्रिया करावी लागते, आणि बाहेर सोडण्याच्या पाण्यात सायनाइड लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी आपल्याकडील मर्यादा आहे.

भरलेल्या रेझिनवरून सोने सोडवणे अवघड असते, कारण ते सोन्याचा सायनाइड आयन फार घट्ट धरते. त्यामुळे रेझिन जाळून राखेतून सोने काढण्याची रीत आहे. हे काम कारखान्यातल्या भट्टीवर करू नये, कारण त्यातून विषारी धूर निघतो आणि सोन्याची बारीक राखही उडून जाते. घातक कचरा हाताळण्याचा परवाना असलेल्या शुद्धीकरण करणाऱ्याकडेच माल द्यावा. तो ओल्या वजनावर मोजू देऊ नये. राख एकजीव करून आपल्यासमोर तीन नमुने काढून घ्यावेत: एक त्याच्या तपासणीसाठी, एक आपल्या, आणि तिसरा मोहोरबंद करून वाद झाल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेसाठी राखून ठेवावा.