ट्रक नाही आणि हरीण घरी न्यायचंय? या चुका टाळा

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या दिवशी अंधार पडता पडता माझा फोन वाजायला लागतो. "दादा, पडलं! मोठं आहे! आता?"

हा 'आता?' आदल्या आठवड्यात विचारायचा असतो. परवाना, केशरी जाकीट, महागडी दुर्बीण सगळं वेळेवर घेतलेलं असतं. पण दीडशे पौंडांचं जनावर कोरोलासारख्या छोट्या गाडीतून मॅडिसनला घरी कसं पोचवायचं, याचा विचार जनावर आडवं झाल्यावरच सुरू होतो. आणि मग उत्तर एकच सुचतं, "कुणाकडे ट्रक आहे का?"

ट्रक लागत नाही. माझ्याकडे कधी नव्हता, आणि घ्यायचा विचारही नाही. सेडान, हॅचबॅक, प्रियस, सगळ्यांतून हरणं व्यवस्थित घरी येतात. ज्यांची येत नाहीत त्यांच्या चुका ठरलेल्या आहेत, आणि दरवर्षी फोनवर त्याच ऐकून मला आता कंटाळा आलाय.

दरीत दिसलं म्हणून मारलं

नैऋत्य विस्कॉन्सिन सपाट नाही. डॉजविलच्या आसपास एकेक टेकडी अशी आहे की रिकाम्या हातानं चढतानाही धाप लागते. नवख्याला हरीण दिसतं, गाडी कुठे लावलीय ते दिसत नाही. मी एकटा असलो तर गाडीपेक्षा खालच्या अंगाला असलेल्या हरणावर बंदूक रोखतच नाही. माझी ही सवय ऐकून पोरं हसतात, आणि संध्याकाळी त्यांतलाच एखादा फोन करतो.

ओढायला प्लॅस्टिकची बर्फावरची घसरगाडी घ्या. कडा उंच असलेली घ्या, म्हणजे तीच पुढे गाडीत रक्त धरायला ट्रे म्हणून वापरता येते. घसरगाडी नसेल तर डोकं पुढे ठेवून ओढा. केस मागे वळलेले असतात, उलटं ओढलं की प्रत्येक काटकी अडकते. आणि ओढताना हरणावर केशरी कापड बांधा. झाडीतून सरकणारं तपकिरी अंग आणि शिंगं दुसऱ्या कुणाच्या दुर्बिणीत कशी दिसतील, ते सांगायला नको.

पाय ताठ होईपर्यंत फोटो काढत बसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

मेलेलं जनावर ताठरतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते किती लवकर ताठरतं आणि ज्या आकारात पडलंय त्याच आकारात ताठरतं, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. काही तासांतच चारही पाय लाकूड होतात.

आमच्या ओळखीतला पुण्याचा एक पोरगा, नाव नको. पहिलाच नर, आठ टोकांची शिंगं. पोट त्यानं बरं साफ केलं होतं, कोठा आणि मूत्राशय फुटू न देता, म्हणजे हात वाईट नव्हता. मग फोटो सुरू झाले. शिंगं धरून, बंदूक टेकवून, मावळतीच्या उजेडात. पुण्याच्या घरच्या ग्रुपवरही पाठवून झाले, आणि तिथून "हे कायदेशीर आहे ना रे?" असा काकूंचा मेसेज आला तेव्हा तिला अमेरिकेतला परवाना आणि भारतातला १९७२चा वन्यजीव कायदा यांतला फरक समजावण्यात आणखी वेळ गेला. पिकअपवाला एक मित्र येणार होता. तो आला नाही. पिकअपवाले मित्र शनिवारी संध्याकाळी येत नसतात, ते स्वतःचं हरीण घेऊन घरी गेलेले असतात.

मी पोचलो तेव्हा गाडीचे चारही दरवाजे सताड उघडे आणि मागच्या सीटवर हरीण उलट्या टेबलासारखं, पाय वर. एक पाय खिडकीतून बाहेर. शिंगाच्या टोकानं टपाचं आतलं कापड हातभर फाटलेलं. पोरगा घामाघूम. मला म्हणतो, "दादा, सीट काढली तर मावेल ना?"

सीट काढायची नसते. पाय काढायचे असतात. पुढच्या पायाला गुडघ्याच्या जरा खाली आणि मागच्या पायाला टाचेच्या वरच्या उंचवट्याच्या जरा खाली सांधा असतो. अंगठ्यानं चाचपला की खाच लागते. तिथे सुरी फिरवून पाय मुरगळला की 'कट' असा आवाज येतो आणि तुकडा हातात. करवत लागत नाही, जोर लागत नाही. करवत घेऊन हाडाच्या मधोमध घासत बसणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं. हाडाचा चुरा मांसात जातो तो वेगळाच. एक सांभाळा: मागच्या पायाच्या आतल्या बाजूला केसांचा काळपट, उग्र वासाचा झुबका असतो. ती गंधाची ग्रंथी आहे. तिला हात लावलात तर तोच हात आणि तीच सुरी मांसाला लावू नका.

माझी पद्धत मात्र सांधे कापण्याच्याही आधीची आहे. पोट साफ झालं की लगेच, हात धुवायच्याही आधी, पुढचे पाय गुडघ्यात दुमडून छातीशी, मागचे पाय पोटाखाली, मान वळवून बरगड्यांवर, आणि सगळं दोरीनं घट्ट. शिंगांच्या टोकांवर जुने मोजे. आता ताठरलं तरी गाठोडं होऊन ताठरतं, आणि मध्यम मादी हॅचबॅकमध्ये मागची सीट पाडून आरामात बसते. फोटो त्यानंतर काढा, हवे तेवढे. बांधलेलं हरीण फोटोत चांगलं दिसत नाही अशी तक्रार मी ऐकलीय. फोटो खाता येत नाही.

मोठा नर असेल आणि गाडी खरंच लहान असेल, तर रानातच भाग करा. विस्कॉन्सिनमध्ये बाहेर काढण्यासाठी हरणाचे जास्तीत जास्त पाच भाग करता येतात. कातडं आणि पायांचे खालचे तुकडे त्यात मोजत नाहीत. मी करतो ते असे: मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, आणि डोक्यासकट धड. पुढचा फरा तर कातड्यासारखाच सुटतो, त्याला धडाशी जोडणारं हाडच नाही. पाठीचे लांब पट्टे तिथेच सोलून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, नाहीतर सहावा भाग झाला. दुसऱ्या राज्यात नियम दुसरे. काही ठिकाणी नर की मादी ते कळेल असा भाग जोडलेला ठेवावा लागतो. त्या वर्षीची शिकार-नियमांची पुस्तिका वाचा. मित्रानं सांगितलं हा पुरावा वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम तपासणारा अधिकारी, धरत नाही.

हीटर

पुढची चूक, आणि ही खरी महागात पडणारी.

हरणाचं अंग जिवंतपणी साधारण ३८-३९ अंश सेल्सिअस असतं. मांस चार अंशांच्या खाली लवकरात लवकर न्यायचंय. आणि आपले लोक काय करतात? बाहेर गारठा आहे, म्हणजे मांस आपोआप थंड होणार असं धरून चालतात. मग गाडीत रक्त लागू नये म्हणून हरणाला दोन पदरी ताडपत्रीत घट्ट गुंडाळतात, वर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, त्याही सुवासिक. मग स्वतःचे पाय गोठलेत म्हणून हीटर पूर्ण. मग वाटेत भूक लागली म्हणून पिझ्झा.

अशाच एकानं दुसऱ्या दिवशी मला मांडी उघडून दाखवली. वरचं मांस एकदम छान, गडद लाल. आत खुब्याच्या सांध्यापाशी सुरी गेली आणि वास आला. तिथे हाडालगत हिरवट छटा, बोट लावलं तर बुळबुळीत. जाड मांसाच्या आत सांध्याजवळ उष्णता सगळ्यात शेवटपर्यंत अडकून राहते, म्हणून सुरुवात तिथूनच होते. त्यानं विचारलं, "कापून टाकून बाकीचं मसाल्यात मुरवलं तर?" मी कोल्हापूरकडचा माणूस, मसाल्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्याची ही कामगिरी नव्हे. मांडी टाकून दिली.

उपाय अगदी साधा आहे, पण त्यात जरा थंडी सोसावी लागते. पोट साफ झाल्यावर छाती काटकीनं फाकवून ठेवा, वाफ जाऊ द्या. गाडीत हीटर बंद, मागची काच बोटभर खाली, जाकीट अंगात. छातीच्या पोकळीत आणि दोन मांड्यांच्या मध्ये बर्फ. मी दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्यानं भरून आठवडाभर आधी फ्रीझरमध्ये टाकतो. वितळले तरी पाणी कॅनमध्येच राहतं, मांस भिजत नाही. ताडपत्री खाली अंथरायची, वरून पांघरायची नाही. पांघरायचंच असेल तर जुनी सुती चादर.

भाग केले असतील तर मांड्या आणि फरे जुन्या उशांच्या सुती अभ्र्यांत घालून आइसबॉक्समध्ये. शंभर क्वार्टचा, म्हणजे साधारण ९५ लिटरचा, आइसबॉक्स पुरतो. तळाचं बूच उघडं ठेवा आणि खाली ट्रे ठेवा. बर्फाच्या पाण्यात मांस रात्रभर बुडवून ठेवणं ही 'रक्त निघून जातं' या नावाखाली चालणारी मोडतोड आहे, मला ती पटत नाही. अभ्रे घरातले वापरणार असाल तर घरी आधी सांगा.

टपावर बांधणं

बांधू नका. गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा दिलेली असते, लहान सेडानला ती बरेचदा शंभर पौंडांच्या आसपास, आणि तुमचा नर त्याहून जड आहे. दारांतून दोरी ओवून बांधलेलं जनावर ताशी ६५ मैलांच्या वेगानं काय करेल, याचा अंदाज मागच्या गाडीवाल्याला तरी असायला हवा. वरून रस्त्यावरच्या मिठाचा चिखल. बॉनेटवर तर मुळीच नाही, खाली इंजिन तापतंय.

बाहेरच न्यायचं असेल तर मागे हिच (ट्रेलर जोडायचा लोखंडी सांधा) बसवून त्यावर जाळीचा ट्रे लावा. मी हल्ली हेच करतो. लहान गाड्यांना बसतो तो क्लास १चा हिच, त्याच्या टोकावर २०० पौंड चालतात, पण त्यात त्या ट्रेचं वजनही धरायचं, हे लोक विसरतात. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जात नाही ना ते बघा. धुराड्याचा पाइप नेमका ट्रेखाली येत नाही ना, तेही.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

नोंदणी: मारलेल्या हरणाची सरकारकडे नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. दऱ्यांत फोनला रेंज नसते, आणि घरी पोचल्यावर आंघोळ, जेवण, झोप. पहिली रेंज मिळाली की गाडी बाजूला घेऊन नोंदणी करा, पुष्टी क्रमांक लिहून ठेवा.

गोचिडी: अंग थंड पडलं की त्या दुसरं यजमान शोधतात. गाडीत ते यजमान म्हणजे तुम्ही. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी नोव्हेंबरातही फिरत असतात. घरी गेल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये.

बंदूक: गाडीत ठेवण्याआधी रिकामी. हरीण चढवायच्या गडबडीत हेच राहून जातं. आणि एच-वन व्हिसावर असणाऱ्यांनो, परदेशी नागरिकांनी बंदूक बाळगण्याबद्दलचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आणि त्यातली शिकारीच्या परवान्याची सवलत नीट वाचल्याशिवाय मित्राची बंदूकही हातात घेऊ नका.

खाटीक: पहिल्या शनिवारी रात्री सगळे भरलेले असतात. आधी फोन करा, नाहीतर घरी गॅरेजमध्ये टांगायची तयारी ठेवा.

राज्याची हद्द

शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसहून येणाऱ्या मंडळींसाठी हे वेगळं लिहितोय. विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली माउंट होरेबजवळच्या हरणांत सीडब्ल्यूडी सापडला, म्हणजे हरणांचा मेंदू पोखरणारा, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांचा रोग. मेंदू, मणक्यातली रज्जू, लसिकागाठी यांत तो जास्त असतो. म्हणून मिनेसोटात बाहेरून अख्खं हरीण आणायला बंदी आहे, मग ते कुठूनही असो. हाडं काढलेलं मांस चालतं, डोकं आणि मणका न जोडलेल्या मांड्या-फरे चालतात. हद्दीवरच्या मिसिसिपी नदीच्या ला क्रॉसच्या पुलावर पोचल्यावर हे आठवून उपयोग नाही. आधी नोंदणी, मग नदीच्या अलीकडेच धड वेगळं करायचं.

डोकं फेकू नका. मानेचा पाच-सहा इंच भाग ठेवून ते तपासणीच्या पेटीत टाका, विस्कॉन्सिनमध्ये तपासणी फुकट आहे. निकाल यायला वेळ लागतो, तोवर मांस नाव-तारीख घालून वेगळं गोठवा, दोन हरणांचं एकत्र खिमा करू नका. रोग निघाला तर ते मांस खाऊ नये असं अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी सांगते. शिजवून प्रायॉन मरत नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या करा.

उरलेली हाडं, मणका, कातडं रस्त्याकडेच्या खड्ड्यात टाकणारे पाहिले की मला खरंच राग येतो. त्यांच्यामुळेच शेतकरी पुढच्या वर्षी "नाही" म्हणतात. दुहेरी पिशवीत बांधा आणि घरचा कचरा उचलणाऱ्यांना चालतं का ते विचारा. चालत नसेल तर हाडं घेणाऱ्या लँडफिलवर (कचरा पुरायच्या जागी) किंवा हंगामात गावोगावी ठेवलेल्या डंपस्टरवर नेऊन टाका. तेवढं तर कोरोलाच्या डिक्कीत मावतंच.