पियानो शिकताय? बोटांच्या या चुका टाळा

नाशिकमध्ये पियानो शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो. सूर पक्के, ताल पक्का, आणि पहिल्या दिवसापासून पट्टी जीव खाऊन दाबलेली.

पंचवटीतले एक काका वर्षानुवर्षं भजनी मंडळात पेटीवर बसायचे. आमच्याकडे आले तेव्हा दर आठवड्याला तक्रार एकच, मनगट भरून येतं. शेवटी अपराइट पियानोची पुढची फळी काढून दाखवली. पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि पट्टी खालीच असली तरी लगेच मागे येते. काकांनी चार-पाच वेळा दाबून बघितलं. "म्हणजे मॅडम, मी इतके दिवस दाबत कशाला होतो?"

पेटीत भाता हवा देतो तोवर सूर चालतो, त्याचा लहानमोठेपणाही भात्यावर. पियानोत तो ठरतो पट्टी खाली जातानाच्या वेगावर. मग ती नुसती धरून ठेवायची, म्हणजे डँपर, तार थांबवणारी नमद्याची गादी, तारेपासून दूर राहतो. त्याला बोटाचं वजन पुरतं.

दाबायची सवय असली की आधीचं बोट सुटत नाही. सा तसाच, वर रे, सगळं गढूळ. लेगॅटोत, म्हणजे सूर जोडून वाजवताना, रे खाली जाताना सा वर आला पाहिजे. मी फक्त दोन पट्ट्या देते, दुसरं नि तिसरं बोट (तर्जनी नि मधलं), पाय सूर लांबवणाऱ्या पेडलपासून लांब, कान सुटणाऱ्या सुराकडे. रोज पाच मिनिटं. मंडळींना तिसऱ्या आठवड्यात सिनेमाचं गाणं हवं असतं, तेही पेडल दाबून. पेडलने गढूळपणा वाढतोच.

स्टॅकाटोला, म्हणजे सूर तोडून वाजवताना, तव्यावर भाजल्यासारखा अख्खा हात उडवू नका, बोटाचं टोक आणि सैल मनगट पुरे. टोकाजवळचं पेर आत मोडत असेल तर वेग कमी करा. नखं कापा, यावर चर्चा नाही. अंगठा 1, करंगळी 5, आणि नोटेशनवर छापलेले बोटांचे आकडे पाळा. चौथं बोट शेजारच्यांना बांधलेलं असतं, त्याला ताणून उचलू नका.

आणि 61 पट्ट्यांचा हलका कीबोर्ड. त्यावर बोटं नुसती फिरवली तरी आवाज येतो. परीक्षेला खरा पियानो समोर आला की हळुवार जागचे निम्मे सूर उमटतच नाहीत. परवडत असेल तर 88 वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड, पट्ट्यांचाच घ्या, सेकंडहँडही चालेल.