तुरुंगातून सुटल्यावर मतदारयादीत नाव परत कसं आणावं

आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका. तुरुंगात जाऊन आल्याने आपल्याकडे मताधिकार कायमचा जात नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) ची बंदी आहे ती माणूस तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असेपर्यंतच, मग तो कच्चा कैदी असो की पक्का. सुटका झाली की बंदी संपली. जामिनावर बाहेर असाल तरी संपली. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, कोर्टाचा हुकूम नाही, पोलिसांचा चारित्र्य दाखला तर नाहीच. ‘मतदानाचा हक्क परत मिळवून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा.

दुसरी अफवा सहा वर्षांची. ती कुठून आली हेही सांगतो. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. लढवता येत नाही, मत देता येतं. चहाच्या टपरीवर या दोन गोष्टींची खिचडी होते आणि बिचारा माणूस सहा वर्षं केंद्राकडे फिरकत नाही. मत देण्यावर सहा वर्षांची बंदी खरोखर येते ती निवडणुकीतल्याच काही गुन्ह्यांत दोषी ठरल्यावर: मतासाठी लाच, मतदारांवर गैरवाजवी दबाव, दुसऱ्याच्या नावाने मतदान वगैरे. चोरी, मारामारी, फसवणूक, अगदी खून असला तरी शिक्षा भोगून आलेल्याला हे लागू नाही.

म्हणजे हक्क जागेवर आहे. हरवतं ते यादीतलं नाव, आणि सगळी मेहनत तेवढ्यासाठीच.

नाव शोधा

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्र क्रमांकाने शोधा. क्रमांक नसेल तर नाव, वडिलांचं नाव आणि वय टाकून शोधा, आणि नावाची दोन-तीन स्पेलिंगं करून बघा. इंटरनेट जमत नसेल तर १९५० ला फोन लावा. ‘इतकी वर्षं आत होतो, नाव गेलंच असणार’ असं गृहीत धरून सुटू नका. माणूस आत आहे एवढ्याच कारणाने त्याचं मतदार असणं संपत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहून ठेवलंय. पुष्कळांचं नाव जिथल्या तिथे सापडतं. आज राहता त्याच पत्त्यावर सापडलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही, थेट मतदानाच्या दिवसावर या.

फॉर्म सहा की आठ

नाव यादीत कुठेही असेल, जुन्या पत्त्यावर, जुन्या मतदारसंघात, तर फॉर्म आठ. कुठेच नसेल तर फॉर्म सहा. तो नव्या मतदारांसाठीचा म्हणून छापलेला आहे, पण वगळलेल्यांनाही तोच भरावा लागतो. सोबत साध्या कागदावर लिहून द्या की पूर्वी नाव होतं आणि वगळलं गेलं. जुना क्रमांक आठवत असेल तर तोही घाला.

जुनं नाव एका गावात जिवंत असताना ‘नवाच फॉर्म भरून टाका, लवकर होतं’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. फॉर्म सहावर तुम्ही सही करून जाहीर करता की माझं नाव दुसरीकडे नाही. खोट्या जाहीरनाम्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुकत्याच सुटून आलेल्या माणसाने असल्या क्षुल्लक कारणावरून नवी केस अंगावर घेऊ नये.

कागद

वयाचा एक पुरावा, पत्त्याचा एक, फोटो. आधार चालतं, बँकेचं पासबुक चालतं, वीजबिल चालतं. गुन्ह्याबद्दल फॉर्ममध्ये एकही रकाना नाही, तेव्हा आपण होऊन कोर्टाची कागदपत्रं जोडत बसू नका.

घरची पडताळणी: इथेच सगळे अडकतात

अर्ज गेला की बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, पत्त्यावर येऊन तुम्ही तिथे राहता का ते बघतो. बरेचदा ही शाळेतली बाई किंवा अंगणवाडी सेविका असते, आपली नोकरी सांभाळून हे काम करणारी. ती दुपारी येते. तुम्ही काम शोधायला बाहेर. दाराला कुलूप. ती शेजारी विचारते आणि शेजारीण कांदा चिरता चिरता मान न उचलता सांगते, “तो? तो आत आहे ना!” तुम्ही सुटून महिना झालेला असतो, पण कागदावर ‘राहत नाही’ पडतं आणि अर्ज गेला.

शेजाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान घरचे करतात, तेही लाजेपोटी. आई सांगते, “पोरगा बाहेरगावी असतो कामाला.” नाव मुळात कापलं गेलं तेही बहुधा अशाच उत्तराने. कायद्याच्या दृष्टीने बाहेरगावी स्थायिक झालेला माणूस आणि तुरुंगात असलेला माणूस यांत मोठा फरक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चं कलम २० सांगतं की कोठडीत आहे एवढ्यावरून तुरुंग हा कुणाचा राहता पत्ता ठरत नाही, आणि तात्पुरतं घराबाहेर असल्याने घरही सुटत नाही. म्हणजे ‘आत होता, घर हेच’ या खऱ्या उत्तराने नाव टिकतं आणि अब्रू झाकणाऱ्या खोट्या उत्तराने जातं. हे घरच्यांना बसवून, समजावून सांगा. आईला पटायला वेळ लागतो. तरी सांगा.

अर्ज ज्या दिवशी कराल त्याच दिवशी बीएलओचा नंबर काढा; पोर्टलवर असतो. स्वतः फोन करून वेळ ठरवा. “मॅडम, मी संध्याकाळी सहानंतर घरी असतो, रविवारी दिवसभर असतो” एवढं पुरतं. त्यांचीही खेप वाचते, त्यामुळे सहसा कुणी नाही म्हणत नाही. घरात जो दिवसभर असतो त्याच्याकडे तुमचा मोबाइल नंबर लिहून ठेवा आणि काय बोलायचं ते पक्कं करा: इथेच राहतो, बाहेर गेलाय, हा नंबर. शेजाऱ्यांनाही सुटल्याचं कळू द्या. तोंड लपवून राहिलात तर यादीत ‘आत’च राहाल.

“इतकी वर्षं कुठे होतात?” असं विचारलं तर खरं सांगा, एका वाक्यात. दुबईची गोष्ट रचू नका. सुटकेच्या कागदाची एक झेरॉक्स घरी असू द्या, पण तुम्ही अजून आतच आहात असा आक्षेप आला तरच काढा.

घर उरलंच नसेल, म्हणजे खोली भाड्याने गेली, झोपडी तुटली, भावाने दार लावून घेतलं, तर आज जिथे राहता तो पत्ता द्या. नातेवाइकाकडे असाल तर त्यांचा यादीतला तपशील फॉर्ममध्ये लिहा. रस्त्यावर झोपत असाल तरी नाव लागतं. त्यासाठी बीएलओने रात्री येऊन, एकाहून अधिक रात्री, तुम्ही तिथेच झोपता का ते बघायचं असतं. जागा बदलू नका आणि पाठपुरावा सोडू नका. ‘पत्ता नाही तर मत नाही’ असं कुणी ऐकवलं तर ते चूक आहे.

नकार आला तर

लेखी मागा. तोंडी नकाराचं अपील होत नाही. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. माणूस तिथे राहत नाही असं ठरवून नाव वगळायचं तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, असं त्याच १९५० च्या अधिनियमाचं कलम २२ म्हणतं. नोटीस घरी आली आणि तुम्ही बरॅकीत होतात, तर हाच मुद्दा अपिलात पहिल्या ओळीत घ्या. वकील लागत नाही.

वेळ

उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी नवं नाव घेत नाहीत. पडताळणी आणि हरकती यांत आठवडे जातात, म्हणून सुटल्याच्या पहिल्या महिन्यातच अर्ज टाका. निवडणूक जवळ नसली तरी टाका. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्याच यादीवरून निघतात, आणि नळाचं पाणी, गटार, रेशन यासाठी तुम्हाला गाठायचाय तो नगरसेवक मतं मागायला येतो तेव्हा त्याच्या कार्यकर्त्याच्या हातात हीच यादी असते. नाव नसलेल्या घरापुढे तो थांबत नाही.

मतदानाच्या दिवशी

आदल्या आठवड्यात यादीत नाव आणि केंद्र पुन्हा बघा. ओळखपत्र हरवलं असेल तर आधार, पॅन किंवा फोटो असलेलं पासबुक चालतं. यादीत नाव नसेल तर मात्र कुठलंही कार्ड चालत नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं निघालं, आणि बरीच वर्षं आत असलेल्यांच्या बाबतीत ही शक्यता धरून चाला, तर भांडू नका आणि परतही फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे टेंडर मत मागा. ओळख पटवून दिली की तुम्हाला मतपत्रिका द्यावीच लागते. ती मशीनमध्ये न जाता वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते, आणि तुमची सही त्यासाठीच्या यादीत घेतली जाते.