दुकान विकलं, तरी पासवर्ड देऊ नका

क्लायंटने दुकान विकलं की गूगल बिझनेस प्रोफाइलचा (गूगल मॅप्सवर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीचा) पासवर्ड नव्या मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं होऊ नका. तो पासवर्ड जीमेलचाच असतो, आणि त्याच जीमेलमध्ये जुन्या मालकाचे घरचे फोटो आणि बँकेचे मेलही असतात! नव्या मालकाचा ईमेल आधी ‘ओनर’ म्हणून जोडा. त्याने निमंत्रण स्वीकारल्यावर ७ दिवस थांबावं लागतं. तोवर त्याला ‘प्रायमरी ओनर’, म्हणजे मुख्य मालक, करता येत नाही. म्हणून हे काम किल्ल्या द्यायच्या दिवसावर ठेवू नका, आठ-दहा दिवस आधीच सुरू करा. रिव्ह्यू जागच्या जागी राहतात. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, खातं मात्र वेगळं बघा. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? बहुतेकदा जुन्या मालकाच्या भाच्याच्या. तो नंबर बदलून घेतल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.