पहिल्या शरद ऋतूतील तंबूतली रात्र आणि स्लीपिंग बॅगची निवड

लातूर, नांदेड, परभणी, बीड या भागांतून सप्टेंबरच्या सत्रासाठी कॅनडातल्या ऑन्टारिओत येणाऱ्या विद्यार्थ्यांचे जून-जुलैपासूनच फोन येऊ लागतात आणि सामानात काय घ्यावे, कुकर आणावा की नाही, मसाला किती आणावा, हे सारे ते बारकाईने विचारतात. स्लीपिंग बॅग, म्हणजे आत शिरून चेन लावून झोपायची उबदार पिशवी, ही एक गोष्ट मात्र कोणीच विचारत नाही, आणि तिची गरज इथे पोहोचल्यापासून चार-पाच आठवड्यांतच पडते. सप्टेंबरच्या अखेरीस मेपलची झाडे लाल होऊ लागली की वर्गातली मुले गाड्या भाड्याने घेऊन टोरांटोच्या उत्तरेस अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या अल्गोंक्विन उद्यानात तंबू ठोकायला निघतात आणि नव्याने आलेल्यांनाही आग्रहाने सोबत नेतात. जरूर जावे. १८९३ साली राखीव केलेले ते अरण्य त्या पंधरवड्यात जसे दिसते, तसे वर्षात पुन्हा दिसत नाही. पण आपल्याकडे कोजागरीला माळवदावर आटीव दूध पिऊन एका चादरीवर रात्र निघते, आणि त्याच पौर्णिमेच्या चांदण्यात इथे तंबूच्या कापडावर दहिवर गोठलेले असते, हा फरक डोक्यात पक्का ठेवूनच निघावे.

मी स्वतः तो फरक लक्षात न घेता गेलो होतो. माझ्या पहिल्या ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या दुकानातून मी पिशवीवर ठळक अक्षरांत ‘उणे ७’ असे छापलेली स्वस्त स्लीपिंग बॅग घेतली आणि हवामान खात्याने रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास राहील असे सांगितल्यामुळे निश्चिंत झालो. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली तेव्हा अंगावरच्या भागात थोडीफार ऊब होती, पण जमिनीला टेकलेला खुबा आणि खांदा दगडासारखे गार पडले होते. चेन हलवली तर तिच्या दातांमधून गार हवेची सरळ रेघ बरगडीवर येत होती, आणि तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचे थेंब साचून कपाळावर टपकत होते. पहाटेपर्यंत मी गाडीत बसून राहिलो. पुढे या विषयाची नीट माहिती करून घेतली तेव्हा कळले की त्या आकड्याचा अर्थच मला ठाऊक नव्हता.

चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात. ते २००२ च्या ईएन १३५३७ या युरोपीय मानकातून आले असून पुढे २०१६ मध्ये त्याची जागा आयएसओ २३५३७ या मानकाने घेतली. पहिला आकडा ‘कम्फर्ट’चा, म्हणजे सर्वसाधारण शरीरयष्टीची स्त्री ज्या तापमानात सैलावून आरामात झोपू शकते ते तापमान. दुसरा ‘लिमिट’चा, म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना, आठ तास ज्या तापमानात झोप काढू शकतो ते. तिसरा ‘एक्स्ट्रीम’चा, आणि त्याचा झोपेशी काहीही संबंध नाही, त्या तापमानात माणूस काही तास जिवंत राहू शकेल एवढेच तो सांगतो. कम्फर्ट शून्य असलेल्या बॅगेचे लिमिट साधारण उणे ५ किंवा ६ असते आणि एक्स्ट्रीम उणे २० च्याही खाली जाते, त्यामुळे पिशवीवर मोठ्या अक्षरांत कोणता आकडा छापला आहे याला फारसे महत्त्व देऊ नये. मुलगा असो वा मुलगी, आपल्या उन्हाच्या मुलखातून आलेल्याने फक्त कम्फर्टचा आकडा बघावा आणि अपेक्षित तापमानापेक्षा तो चार-पाच अंशांनी खाली असेल, अशीच बॅग निवडावी. अल्गोंक्विनच्या ऑक्टोबरसाठी याचा अर्थ कम्फर्ट उणे ५ असा होतो. तीन आकड्यांऐवजी एकच आकडा देणारी बॅग मी घेत नाही आणि कोणाला घेऊही देत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. अमेरिकी कंपन्या बॅगेच्या नावातच २०, ३० किंवा ४० असा आकडा देतात आणि तो फॅरनहाइटमधला असतो. २० म्हणजे सेल्सिअसमध्ये जवळपास उणे ७, तर ४० म्हणजे जेमतेम ४. हा आकडासुद्धा बहुधा लिमिटचा असतो, म्हणून आतल्या चिठ्ठीवर कम्फर्ट शोधल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आत काय भरले आहे हे समजून घ्यायला आपला पिंजारी आठवावा. दबून कडक झालेल्या गादीतला कापूस पिंजून पुन्हा भरला की तीच गादी उबदार लागते, कारण कापूस तेवढाच असला तरी त्याच्या तंतूंमध्ये आता हवा कोंडलेली असते. स्लीपिंग बॅगचे सारे गणित हेच आहे. ‘डाउन’ म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. ती किती फुगते हे ‘फिल पॉवर’च्या आकड्यावरून समजते, एक औंस लव किती घनइंच जागा व्यापते, असा त्याचा अर्थ असून ६०० ची लव चांगली, तर ८०० ची उत्तम समजली जाते. डाउनची बॅग वजनाला हलकी असते, मुठीत दाबली की लहान होते आणि नीट सांभाळली तर अनेक वर्षे टिकते. परंतु ती ओली झाली की लव चिकटून बसते आणि ऊब संपते. सिंथेटिक तंतूंची बॅग जड आणि बोजड असली तरी दमट झाल्यावरही बरीच ऊब धरते, स्वस्त मिळते आणि धुवायला सोपी असते. इथल्या शरदात पाऊस आणि धुके दोन्ही असतात आणि पहिल्या वर्षी तुम्ही गाडीने तंबूपर्यंत जाणार आहात, म्हणून माझा स्पष्ट सल्ला सिंथेटिकचा आहे. होडी आणि सामान खांद्यावर वाहून तळ्यामागून तळे ओलांडण्याच्या मोहिमा करू लागाल, तेव्हा डाउनचा विचार करावा. ज्यांच्या घरी माळ आहे आणि ज्यांना पक्ष्यांची लव अंगाखाली घेणे मनाला पटत नाही, त्यांनी संकोच न करता तसे सांगावे. सिंथेटिकमध्ये त्यांच्यासाठी उत्तम पर्याय आहेत.

बॅगेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक काळजी चटईची घ्यावी. अंगाखाली दबलेल्या भागातली हवा निघून जाते, म्हणजे तिथे बॅग असून नसल्यासारखीच होते आणि थंड जमीन सरळ हाडापर्यंत पोहोचते. माझा खुबा गारठला तो यामुळेच. चटईची ऊब रोखण्याची क्षमता ‘आर’ या मूल्याने सांगतात. साध्या फोमच्या चटईचे मूल्य २ च्या आसपास असते आणि शून्याजवळच्या रात्रीला किमान ४ हवे. ही मूल्ये एकमेकांत मिळवता येतात, त्यामुळे फोमच्या दोन चटया एकावर एक टाकल्या तरी विद्यार्थ्याच्या खर्चात काम भागते. घरून अंथरूण-पांघरूण आणायचेच असेल तर वाकळ आणू नये, कारण तिचे सुती थर ओल धरतात आणि सुकता सुकत नाहीत. आजोबांची घोंगडी मात्र आणावी. लोकर दमट झाली तरी उबदार राहते, आणि चटईवर अंथरलेली घोंगडी मी आजही नेतो.

आकाराच्या बाबतीत, पायाकडे निमुळती होत जाणारी, डोक्यावर टोपी असलेली ‘ममी’ घ्यावी. दुकानात बूट काढून तिच्यात खरोखर आडवे व्हावे, चेन आतून एका हाताने उघडते का आणि तिच्या पाठीशी भरीव पट्टी आहे का, ते बघावे. लांबी आपल्या उंचीइतकीच असावी, कारण पायाशी उरलेली रिकामी जागा रात्रभर आपल्याच अंगाने तापवावी लागते.

झोपताना दिवसभर घातलेले सुती कपडे बदलून कोरडे थर्मल व लोकरी मोजे घालावेत. घाम शोषलेला सुती सदरा अंगावर असेल तर उत्तम बॅगही कमी पडते. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये, कारण श्वासाच्या वाफेने ती आतून ओली होते. झोपण्यापूर्वी शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळपोळी खाल्ल्यास अंगात ऊब राहते, पण ते शेकोटीपाशीच खावे. तंबूत खाण्याचा कणही नेऊ नये आणि उरलेले अन्न, अगदी टूथपेस्टसुद्धा, गाडीत बंद करावी, कारण त्या जंगलात काळी अस्वले आहेत.

सकाळी ऊन आले की गुंडाळण्याआधी बॅग उलटी करून तासभर दोरीवर टाकावी. घरी परतल्यावर ती छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नये, कारण महिनोन्‌महिने दबलेले तंतू पुन्हा फुगत नाहीत. भाड्याच्या खोलीत जागा कमी असली तरी कपाटातल्या दांडीवर ती सैल टांगून ठेवावी.