जुन्या स्पीकरमधून वीज : वलयाकार चुंबकीय क्षेत्राचा प्रयोग

वलयाकार चुंबकीय क्षेत्रात तार हलवून वीज कशी मिळते हे पाहण्यासाठी नवे यंत्र बांधावे लागत नाही; ते जुन्या स्पीकरमध्ये तयारच असते. मागच्या फेराइट चुंबकाच्या कडीचे क्षेत्र लोखंडी चकत्यांमार्फत एका अरुंद गोल फटीत आणलेले असते आणि कागदी कोनाला (शंकूच्या आकाराच्या पडद्याला) चिकटवलेली व्हॉइस कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, त्याच फटीत मागेपुढे सरकते. फटीच्या मधल्या लोखंडी खांबाभोवती क्षेत्र सर्व बाजूंनी सारखेच असल्यामुळे फटीतला तारेचा प्रत्येक भाग ते छेदतो आणि सगळ्या वेढ्यांचा विद्युतदाब एकत्र जमा होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून वीज मिळवली होती, पण चकतीला वेढे नसतात. ५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती ०.१ टेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) क्षेत्रात मिनिटाला १००० फेरे फिरवली, तरी जेमतेम १३ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणूनच सुरुवात स्पीकरपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

सहा इंची किंवा त्याहून मोठा, ८ ओहमचा वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, घ्यावा. मधल्या टोपीभोवती बोटांनी सारखा दाब देऊन कोन अलगद आत ढकलावा; खरखर ऐकू आली, तर कॉइल घासते आहे असे समजून दुसरा स्पीकर शोधावा. मल्टिमीटरवर रोध साधारण ६ ते ७ ओहम दिसला, म्हणजे तार शाबूत आहे. चुंबक मात्र उघडू नये, कारण फटीत शिरलेला लोखंडाचा कीस निघता निघत नाही.

आता दोन लाल एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने समांतर जोडून स्पीकरच्या टोकांना लावावेत, म्हणजे कोन आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा पेटू शकेल. विद्युतदाब म्हणजे क्षेत्र, तारेची लांबी आणि वेग यांचा गुणाकार. २५ मिलिमीटर व्यासाच्या कॉइलचे ६० वेढे फटीत असतील, तर तार सुमारे ४.७ मीटर भरते; १ टेस्ला क्षेत्रात तिला सेकंदाला ०.४ मीटर वेग मिळाला, की १.९ व्होल्ट तयार होतात आणि लाल एलईडीला साधारण १.८ पुरतात. म्हणून कोन सावकाश दाबून उपयोग नाही, बोटांनी झटकन ठोकावा लागतो. अंधाऱ्या खोलीत क्षणभराची चमक नीट दिसते.

एलईडी काढून कोन हलकेच ठोकला, तर घुमणारा आवाज येतो. मग दोन्ही टोके तारेने थेट जोडून पुन्हा ठोकावे. आता आवाज बसका आणि आखूड येतो, कारण कॉइलमध्ये वाहू लागलेली वीज तिच्या हालचालीला विरोध करते आणि आपण दिलेली ऊर्जा तारेत उष्णता होऊन जिरते.